ऑपरेटर, सूर

रात्री अडीचला बोर्डावर एकच दिवा लागतो.
मी म्हणते, हॅलो, सूर हॉस्पिटल.

गावाचं नावच सूर. पहिल्यांदा फोनवर सांगितलं
तर बाबा म्हणाले, बरं झालं, ताल आम्ही इथून धरतो.
विनोद करून झाला की ते खोकायचे.
खोकल्याचेही बैसे पडायचे, मिनिटाला चारशे.

तेव्हा आवाज वर आभाळात जाऊन खाली यायचा.
मी हॅलो म्हणायचे, आणि माझाच हॅलो
थोडा भिजून, थोडा म्हातारा होऊन
माझ्याच कानात परत.
त्याच्या मागून धापा टाकत आई: कोण गो? तूच ना?
आईनं जन्मात कधी हॅलो म्हटलं नाही.
अनोळख्याला म्हणायचा शब्द तो, असं तिचं मत.

एक्स-रेचा सजीवन, कोट्टयमचा,
रात्रपाळीत शब्दकोश वाचतो, लोक पेपर वाचतात तसा.
काल म्हणाला, चेची, तुझा शब्द सापडला.
कुत्रे शिकारीवर सोडताना ओरडायचे तो, किंवा तसलाच,
नवल वाटलं तरी ओरडायचे.
रामराम म्हणून तो रुळला अगदी काल-परवा,
तारेतून माणूस बोलायला लागल्यावर.
ज्यानं यंत्र काढलं त्याला म्हणे खलाशांची हाक हवी होती.
कुणी ऐकलं नाही त्याचं.
आणि तुझ्यासारख्या, बोर्डावर बसणाऱ्या पोरींना
म्हणायचे हॅलोवाल्या.
पोरी? मी म्हटलं, पेन्शनला आले मी.

मग बोट पानावर ठेवून त्यानं खालची बारीक ओळ वाचली:
त्याच्याही आधी, जर्मनांच्या जुन्या भाषेत,
नदीकाठी उभं राहून
पलीकडच्या तरीवाल्याला घालायची हाक.
अर्थ: आण. ये, घेऊन जा.
पुढे लिहिलं होतं, बहुधा.

मी हेडफोन काढून ठेवला.

बागमांडल्याच्या धक्क्यावर, श्रीवर्धनचा बाजार करून,
अंधार पडता पडता बाबा
तोंडाभोवती हातांचा कर्णा करायचे.
होऽऽऽ तरीयेऽऽऽ
बाणकोटच्या अंगाला एक कंदील हलायचा.
पाण्यावरून आधी ओ यायचा,
होडी मागाहून.
मी पिशवीतले कांदे मोजत बसायचे तोवर.
ओ आला म्हणजे घरी पोचल्यातच जमा.

हॅलो. पुढे हाकेचा ह, शेवटी ओ.
मधे मावेल तेवढं पाणी.

तीन नंबर वॉर्डातला खलफान,
सलाइनचा दांडा काठीसारखा टेकत रोज येतो,
मस्कतला पोराला फोन लावून दे म्हणतो.
रिसीव्हर हातभर लांब धरून ओरडतो,
सगळा कॉरिडॉर जागा होतो.
पूल नव्हता तेव्हा हा सूरहून अल-ऐजाला माणसं न्यायचा.
पूल झाला. हाका थांबल्या.
तरी दोन महिने बसत होतो होडीत, म्हणतो,
हात लगेच विसरले, कान ऐकेनात.

माझ्या मोडक्या अरबीत त्याला सजीवनचा शब्द सांगितला.
दात नसलेलं हसला.
म्हणजे तुझ्या या पेटीत, म्हणाला,
सगळी दुनिया मलाच बोलावतेय,
आणि मी इथे, हातात सुई.

आईचा नंबर तोडून तीन वर्षं झाली.
बोटांना पाठ आहे अजून, लावत नाही मी.
बाई सांगते, हा क्रमांक अस्तित्वात नाही,
तीनदा सांगते, मराठीतून,
फार स्वच्छ मराठीतून.

पाचला बोर्डावर दिवा लागला.
खिडकीबाहेर खाडी राखाडी, पुलावर एकच ट्रक.
का कोण जाणे, हॅलो आलाच नाही तोंडात.
मी म्हटलं, ओ.

पलीकडे क्षणभर कुणी बोलेना.
मग एक घाबरा पुरुष, पंजाबी असावा,
म्हणाला, सिस्टर, गाडी भेजो, जल्दी,
बायकोला कळा सुरू झाल्यात, आम्ही पलीकडे, ऐजाला.